मावशीच्या खोलीचा कागद

त्या एका दिवसात मी किती बायकांचे अंगठे घेतले ते आता सांगता येणार नाही. पॅड उघडायचं, बाईचा डावा अंगठा आपल्या हातात धरायचा, शाईवर हलका फिरवायचा आणि कागदावर फुली केलेल्या जागी ठेवून सरळ वर उचलायचा. ओढायचा नाही, ओढला की रेघा फिसकटतात. एवढं मला आमच्या ह्यांनी शिकवलं होतं. कष्ट करणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या असतात, तिथं थोडं जास्त दाबावं लागतं, हे मी माझं शिकले.

हे नगरला एका साहेबांकडं कारकुनी करायचे. केडगावात भाड्याच्या एका खोलीत आम्ही राहत होतो, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. साहेबांचं ऑफिस बाजारात एका माडीवर होतं. त्यांचा धंदा काय, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. ते वकील नव्हते, पण वकील त्यांच्याकडं यायचे. दुकान नव्हतं, पण पुण्या-मुंबईच्या मोटारी दाराशी उभ्या असायच्या. एकदा जेवण वाढताना मी विचारलं, तर हे म्हणाले, "साहेब दत्तकविधानं लावतात."

मला चेष्टा वाटली.

"अगं, खरंच. एखाद्याचा कारखाना असतो, जोरात चाललेला. पण तो घरचा. बाप, दोन मुलं आणि एक मेव्हणा, एवढेच मालक. त्यांना शेअरबाजारात नाव पाहिजे असतं, लोकांचं भांडवल पाहिजे असतं. सरळ मार्गानं गेलं तर अर्ज करा, परवानगी मागा, दिल्लीला खेपा घाला. मग साहेब एखादी जुनी पब्लिक कंपनी हुडकतात. बंद पडलेली. तिचं बाजारात नाव असतं, गावोगाव शेअरवाले असतात, पण आत काही नसतं. निपुत्रिक घरच म्हण. त्या घरात हा चालता कारखाना दत्तक द्यायचा. कागदावर दिसतं की जुन्या कंपनीनं कारखाना घेतला. झाला तो एका रात्रीत पब्लिक."

"मग घर कुणाचं?"

"दत्तक आलेल्याचं. म्हातारी तर मेलेलीच असते." हे हसले, आणि मीही हसले.

अशा मेलेल्या कंपन्या हुडकायचं काम ह्यांच्याकडं होतं. कुठं एखादी जिनिंग, कुठं बस चालवणारी कंपनी. एकदा राजूरला हिरड्याची मोठी कंपनी होती असं कुणी सांगितलं म्हणून हे तिकडं डोंगरात चार दिवस राहून आले. ती निघाली दोन भावांची भागीदारी, आणि भाऊही एकमेकांशी बोलत नव्हते. साहेबांनी ह्यांना सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन हे जेवले नाहीत. पुण्याच्या एका कारखानदाराला साहेबांनी शब्द देऊन ठेवला होता आणि कंपनी काही सापडत नव्हती.

मी कमी बोलते. लहानपणापासून तसंच आहे. चार माणसांत बसले की माझा घसा कोरडा पडतो. पण त्या दिवशी ह्यांचं तोंड बघवेना म्हणून मी बोलले.

म्हटलं, "आमची गिरणी पण तसलीच की."

हे उठून बसले.

आमची गिरणी म्हणजे पारनेरच्या अलीकडच्या एका गावातली तेलगिरणी. करडई आणि शेंगदाण्याचं तेल निघायचं. माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. मला मावशीनं वाढवलं, ते त्या गिरणीच्या आवारातल्या खोलीत. मावशीचा नवरा, म्हणजे माझे काका, गिरणीत बॉयलरवर होते. बॉयलर फुटला त्यात ते गेले. कंपनीनं मावशीला थोडे शेअर दिले आणि ती राहत होती ती खोली हयातभर राहायला दिली. पंचांसमोर तसं लिहून दिलं होतं. पुढं काही वर्षांनी गिरणी बंद पडली. माणसं पांगली. धुराडं, गंजलेले पत्रे, एक विहीर आणि मावशी, एवढं आवारात राहिलं.

ती गिरणी पब्लिक होती. ती काढणाऱ्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं म्हणे, की शेअर घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्या, भरभराट होईल. म्हणून निम्म्याहून जास्त शेअर बायकांच्या नावावर होते. ह्यांनी गिरणीच्या कपाटातून काढलेलं शेअरवाल्यांचं जुनं रजिस्टर मी पाहिलं. पानामागून पान बायकांचीच नावं.

साहेबांना हे फार आवडलं, आणि इथंच अडचणही आली. कंपनी मिसळून घ्यायची तर सभा भरवून शेअरवाल्यांची मतं घ्यावी लागतात. जो येणार नाही त्यानं आपलं मत दुसऱ्याला द्यायचं, तसा कागद असतो, त्याच्यावर सही किंवा अंगठा. पण परका पुरुष बाईच्या चुलीपाशी कसा जाणार, आणि तिचा हात कसा धरणार? तेव्हा साहेब स्वतः केडगावला आमच्या खोलीवर आले. मी पदर सारखा करून दाराआड उभी राहिले.

"वहिनी, तुम्ही काही बोलू नका," ते म्हणाले. "नुसत्या जा. तुम्ही त्या गावच्या. आणि तुम्ही बोलत नाही, म्हणूनच बायका तुमच्यावर विश्वास ठेवतील."

हे कौतुक आहे असं मला तेव्हा वाटलं.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. गावात पुरुष नव्हतेच, सगळे खडी फोडायच्या कामावर गेलेले. हे देवळाच्या पारावर म्हाताऱ्यांशी बोलत बसले आणि मी पिशवीत कागद, पॅड आणि कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर गेले. कुंकू लावायचं, बसायचं, कागद काढायचा. बायकाच बोलायच्या.

"काय गं, आता आमच्या अंगठ्याला बी भाव आला व्हय? जलम गेला भाकरी थापन्यात, तवा न्हाई कुनी इचारलं!"

"गिरणी चालू व्हनार म्हनं?"

मला सांगून ठेवलं होतं, असं विचारलं तर मान हलवायची. मी मान हलवायची.

"चालू झाली म्हंजी आमचा पोरगा खडीवरनं सुटंल बाई. घे, दोनदा घे अंगठा."

एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "तू मावशीची पोर. तुला काय इचारायचं? कुठं ठिवायचा त्यो सांग."

दुपारपर्यंत उन्हानं पॅड वाळलं. पाणी टाकलं तर शाई फिकट झाली. शेवटच्या तीन बायका राहिल्या होत्या. मला काही सुचेना. मग करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि त्यात अंगठे बुडवून घेतले. लाल उमटले, पण रेघ न् रेघ दिसत होती. बायका हसल्या. "सरकारी कागदाची वटीच भरली की गं हिनं!"

सगळ्यात शेवटी मावशीकडं गेले.

ती बिनदुधाचा चहा करत होती. मी तिच्या पाया पडले. माझ्या मुलीची चौकशी झाली, ह्यांची झाली. मग मी कागद काढले. तिचे दोन होते, टाचणीनं एकाखाली एक लावलेले. इतर बायकांचा एकेकच कागद होता, पण मावशीचे शेअर नुकसानभरपाईचे, म्हणून काही जास्त लिहायचं असेल असं मला वाटलं. मी पाहिलं नाही. वरचा इंग्रजी होता, बाकी सगळ्यांचे होते तसाच. खालचा उलटून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

मी कुंकवाचा करंडा पुढं केला आणि तिनं हात मागं घेतला.

"ते नगं," ती म्हणाली.

ती विधवा आहे हे मी विसरले होते. दिवसभर कुंकू लावत फिरले होते, हाताला सवय झाली होती. मी रडवेली झाले, तर तीच म्हणाली, "रडाया काय झालं? त्यो तवा हाय की. तुज्या शाईपरीस काळा."

तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, त्यात तेलाचा थेंब टाकला आणि तिचा अंगठा दोन्ही कागदांवर घेतला. काळा गोल डाग उमटला. मला तेव्हाच दिसलं की त्यात रेघा नाहीत, नुसता डाग आहे. पण गाडीची वेळ झाली होती.

आठ दिवसांनी हे ऑफिसातून मावशीचे दोन्ही कागद परत घेऊन आले. साहेब कुंकवाच्या अंगठ्यांना हसले आणि ते त्यांनी चालवून घेतले. मावशीचा डाग मात्र वकिलानं नापास केला. अंगठा कुणाचा हे कोर्टात ओळखता आलं पाहिजे. ह्यांनी नवे कोरे कागद आणि जुने डागाचे, असे सगळे फळीवर ठेवले आणि म्हणाले, "एकदा जाऊन नीट घेऊन ये."

दुपारी फळी झाडताना कागद खाली पडले. टाचणी सुटली होती. खालचा कागद मराठीत होता. मराठी दिसलं म्हणून मी वाचायला बसले. चौथी झालेल्या माणसाला असा टाइप केलेला कागद वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'गिरणीचे आवारातील जी खोली कंपनीने मला हयातभर राहण्यास दिली आहे, त्या खोलीवरील माझा सर्व हक्क मी सोडीत आहे, व मागणी होताच खोली रिकामी करून देईन.' आणि त्याखाली, 'हे मी राजीखुशीने, कोणाचे दडपणाशिवाय लिहून देत आहे.'

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. माझं वाचायचं चुकत असेल असं वाटत होतं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढं धरला.

"वाचलास व्हय," हे म्हणाले. चप्पल काढली, पाणी प्याले. "पुण्यावाल्यांना जागा मोकळी पाहिजे. आत माणूस बसलेलं असेल तर ते घेत नाहीत. त्या आवारात कुणाचा हक्क असेल तर तो एकट्या तिचा."

"मावशीला सांगितलं का तुम्ही?"

"मावशी तुझी आहे. तू सांगायचं."

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर सांगितलं असतंस?"

मी कागदाची घडी घातली. त्यांना माहीत होतं मी गप्पच बसणार.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले. ते वाईट नव्हते, आजही मी तसं म्हणणार नाही. हळू आवाजात म्हणाले, "साहेबांनी नव्या कंपनीत कायमची नोकरी देतो म्हणून शब्द दिलाय. आपली मुलगी रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी तोंडात धरून बसते, गिळत नाही, तू बघतेस ना? सगळे कागद झाले, हा एकच राहिलाय. आणि म्हातारी तिथं एकटी राहून काय करणार? आपण तिला इथं आणू."

"ती येणार नाही."

"खोली गेल्यावर येईल," हे म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. सुप्याला गाडी बदलली. सगळ्या वाटेनं मी एकच वाक्य मनात घोकत होते. मावशे, ह्याच्यावर अंगठा देऊ नको. मावशे, ह्याच्यावर अंगठा देऊ नको. लहानपणी पाढे घोकायचे तसं. गिरणीचं धुराडं दिसायला लागलं तेव्हा ते वाक्य तोंडपाठ झालं होतं. त्या धुराड्यावर गिरणीचं नाव वरून खाली एकेक अक्षर रंगवलेलं होतं. मी अक्षरं पहिल्यांदा शिकले ती त्यावरूनच.

आवारातल्या विहिरीवर बायकांची रांग होती. त्या भागात तेवढ्या एकाच विहिरीला पाणी राहिलं होतं आणि मावशी दगडावर बसून नंबर सांभाळत होती. "ए, तुजा हंडा मागं हाय. मला काय डोळं न्हाईत व्हय?"

मला बघून ती उठली. "एकलीच? जावईबापू कुठं हायती?"

"त्यांना काम हाय."

"मग तू का आलीस?"

"त्यो अंगठा नीट उमटला न्हाई."

"बघ बया. म्हातारीचा अंगठा कागदाला बी नगं झाला." ती हसली आणि मला आत घेऊन आली.

तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि पाटावर बसली. मी नवं पॅड काढलं, कागद काढले. आता म्हणायचं, आता म्हणायचं, असं माझं चाललं होतं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तीच म्हणाली, "वाच."

"काय?"

"कागद वाच की. मागल्या टायमाला गडबडच हुती. तुला चौथीपोतूर शिकवली ती कशापायी? तुजा काका म्हनायचा, पोरीच्या जातीला शाळा कशाला. म्या म्हनलं, आपल्या घरात एक तरी वाचनारं मानूस आसू द्या."

गिरणीच्या गोदामात शाळा भरायची, चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं म्हणून माझी तिथंच संपली. पण त्या चार वर्षांत एक दिवसही तिनं मला शाळा चुकवू दिली नव्हती. संध्याकाळी ती भाकरी करायची आणि मी चुलीपुढं बसून धडा मोठ्यानं वाचायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण ती ऐकायची.

"वरला इंग्रजी हाय," मी म्हटलं.

"मग खालचा वाच. आपला."

मी कागद धरला. आता काही म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं वाचायचं होतं. जे लिहिलंय ते वाचलं असतं तरी सगळं झालं असतं. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या बाईला ह्याहून सोपं काय मिळणार होतं?

मी सुरुवात केली. 'लिहून देणार,' मग तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका पारनेर. तिचं नाव आलं तेव्हा तिनं मान डोलावली. पुढच्या ओळीवर 'गिरणीचे आवारातील' एवढे शब्द मी म्हटले आणि थांबले. बाहेर रहाट करकरत होता. कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. मला माझ्या मुलीच्या तोंडातला तो लाल घास दिसला, ह्यांची भिंतीकडं वळलेली पाठ दिसली.

मी म्हटलं, 'गिरणीचे आवारातील... कंपनीचे शेअरबाबत,' आणि ती ओळ सोडून खाली आले. 'हे मी राजीखुशीने, कोणाचे दडपणाशिवाय लिहून देत आहे.' ते मात्र पूर्ण वाचलं.

"झालं?"

"झालं."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येत नाही, मी खाली बघत होते. मग तिनं डावा हात पुढं केला. मी अंगठा धरला, शाईवर फिरवला, ठेवला, उचलला.

"लई झ्याक उमटला," तीच म्हणाली. "बघ, समद्या रेघा आल्या."

निघताना तिनं माझ्या मुलीसाठी गाडग्यात जवसाची चटणी दिली. लाल भाकरीबरोबर गिळली जाईल म्हणाली.

सभा गिरणीच्या गोदामातच झाली. मी गेले नाही. तीन मोटारी आल्या होत्या, गावातले चार-दोन म्हातारे खुर्च्यांवर बसले होते आणि बाकीचं गाव ह्यांच्या ट्रंकेत होतं, असं हेच सांगत होते. कुणी विरोध केला नाही. मग कोर्टाची मंजुरी आली. दत्तक गेलेला मुलगा निदान त्या घराचं नाव लावतो. इथं वर्षाच्या आत घरालाच मुलाचं नाव लागलं. रंगाऱ्यानं दोरीला लटकून धुराड्यावरची जुनी अक्षरं पांढऱ्या रंगानं बुजवली.

गिरणी चालू झाली नाही. ती चालू करायची नव्हतीच. पुण्यावाल्यांना फक्त कंपनीची बाजारातली नोंद आणि रिकामी जागा हवी होती, ती गहाण टाकून त्यांनी पुण्याचा कारखाना वाढवला. आवाराभोवती काटेरी तार पडली, फाटकावर पहारेकरी बसला आणि विहीर तारेच्या आत गेली.

मावशीला आणायला मी आणि हे गेलो. एक ट्रंक, एक घोंगडी, तवा, दोन भांडी आणि एक कोंबडी. तिनं खोली झाडून घेतली, मग फाटकातून बाहेर आली. मागं वळून पाहिलं नाही. एस.टी.च्या थांब्यावर ती म्हातारी उभी होती, माझा हात धरून अंगठा देणारी. डोक्यावर रिकामा हंडा. ती मावशीशी बोलली, मग माझ्याजवळ आली.

"त्या दिशी तू काय बोलली न्हाईस त्ये बरंच केलंस," ती म्हणाली. "लबाड बोलली आसतीस तर जीभ झडली आसती तुजी."

हे दुसरीकडं बघत राहिले. मावशी कोंबडीला पदराखाली घेत म्हणाली, "चल, गाडी आली."

ह्यांना नोकरी लागली. ते खोटं झालं नाही. त्यानंतर आम्ही उपाशी राहिलो नाही, हेही खरं आहे. साहेबांना पुढं दुसरी एक बंद कंपनी सापडली, तेव्हा त्यांनी ह्यांच्याकडून पुन्हा माझ्यासाठी निरोप पाठवला. मी "नाही" म्हटलं. ह्यांनी कारण विचारलं नाही. मग दुसऱ्या एका कारकुनाची बायको पाठवली. ती फार बोलकी निघाली, बायका तिला प्रश्न विचारायच्या आणि ती उत्तरं द्यायची, काम लांबलं, असं ऐकलं.

मावशी आमच्या खोलीत चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात राहायला लागली. जागा मागितली नाही, कोपरा तिनंच निवडला. तिनं कधी विचारलं नाही की खोली कशी गेली. तिच्या त्या गप्प राहण्यानं मला झोप यायची नाही. मी स्वतःला सांगायचे, तिला समजलंच नसेल. कंपनीनं जागा घेतली, कंपन्या घेतात, एवढंच तिला वाटत असेल. ह्या समजुतीवर मी जवळजवळ वर्ष काढलं.

एका संध्याकाळी मुलगी चुलीपुढं बसून शाळेचा धडा वाचत होती. मी पीठ मळत होते. मावशी सुपात ज्वारी निवडत होती. मुलगी वाचता वाचता अडखळली, थांबली आणि पुढं वाचायला लागली.

"मागं जा," मावशी म्हणाली. "एक वळ सोडलीस."

"नाही सोडली, आजी."

"सोडलीस."

"तुला वाचता कुठं येतं? तुला काय कळतंय?"

"वाचाया येत न्हाई," मावशी म्हणाली. सुपातला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "पर वळ सुटली की कळती. तुजी आई बी सोडायची. आवघड आलं की जरा थांबायची, थुंकी गिळायची, आन् खालची वळ धरायची. आजून तशीच वाचती."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आवाजात राग नव्हता. माझे हात परातीत तसेच राहिले.

म्हणजे तिला कळलं होतं. काय लिहिलंय ते नाही, पण मी काहीतरी सोडलं हे तिला त्याच वेळी कळलं होतं, आणि तरी तिनं हात पुढं केला होता. का दिलास, एवढं मला विचारायचं होतं. मावशे, मग अंगठा का दिलास? ती त्यानंतर दोन पावसाळे जगली. रोज माझ्यासमोर बसायची, माझ्या हातचं जेवायची. मी विचारलं नाही. आधी वाटायचं, उद्या विचारू. मग भीती वाटायला लागली, ती सांगेल म्हणून. तिनं ते सांगितलंच तर मला ऐकवेल का, हे मला ठाऊक नव्हतं.

मुलीनं तोंड वाकडं केलं, बोट मागं नेलं आणि सुटलेली ओळ मोठ्यानं वाचली.

"आता आली," मावशी म्हणाली.

मी भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. तवा तिचाच होता, गिरणीतून आणलेला.